नाताळचं जेवण : आधी लोड काढा, मग मेनू ठरवा!

मित्रांनो, डिसेंबर उजाडला की आपल्या कॉलेजात दोनच विषय असतात. एक सबमिशन आणि दुसरा थंडी. होस्टेलवरचे माझे मित्र मात्र दरवर्षी तिसरा विषय काढतात. "काय रे, यंदा नाताळला तुमच्याकडे काय? ती टर्की का काय म्हणतात ती असते का?" मी सांगतो, "नाही बाबा, आलू-वांग्याची भाजी असते." मग सगळे हसतात. त्यांना वाटतं मी टाळतोय. पण मी खरंच सांगत असतो. आमच्या घरी नाताळच्या पंगतीत आलू-वांग्याची भाजी असते आणि ती का असते यामागे चक्क इंजिनिअरिंग आहे. या लेखात तेच समजावून सांगायचा प्रयत्न करतो.

नाताळचं "खरं" जेवण कोणतं?

सिनेमात आणि भेटकार्डांवर आपण जे बघतो, म्हणजे भाजलेला अख्खा पक्षी, पुडिंग, मेणबत्त्या, तो इंग्लंड-अमेरिकेचा नाताळ. तिथेही तो काही पहिल्यापासून तसा नव्हता. चार्ल्स डिकन्सची १८४३ सालची नाताळची प्रसिद्ध कथा वाचली असेल तर आठवेल, त्यातल्या गरीब कारकुनाच्या घरी हंस भाजतात. टर्की येते ती शेवटी, श्रीमंत मालकाचं मन पालटल्यावर. म्हणजे टर्की ही तेव्हा ऐपतीची गोष्ट होती.

पोलंडमध्ये २४ डिसेंबरच्या रात्री परंपरेने १२ पदार्थ करतात आणि त्यात मांस नसतं, मासा चालतो. इथिओपियात नाताळ ७ जानेवारीला येतो. त्याआधी कित्येक आठवडे उपवास असतो, म्हणून त्या दिवशी कोंबडीचा झणझणीत रस्सा हवाच. जपानमध्ये तर १९७० च्या दशकातल्या एका जाहिरातीमुळे नाताळला तळलेली कोंबडी खायची पद्धत पडली. आपल्या जवळ या. गोव्यात सोरपोतेल आणि बेबिंका, वसईच्या ईस्ट इंडियन घरांत इंद्याळ आणि फुगे. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत नाताळला नेवऱ्या करतात. नेवरी म्हणजे आपली करंजीच की!

थोडक्यात काय, तर नाताळला अमुकच खावं असं बायबलमध्ये कुठेही लिहिलेलं नाही. ज्या गावात जे पिकतं, जे परवडतं आणि ज्यांच्यासोबत बसून खायचं असतं, त्यावरून पदार्थ ठरत गेले.

आता आपल्या यवतमाळचं बघू. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्री मेथडिस्ट मिशन इकडे आलं. पुढे १९५३ साली यवतमाळातच युनियन बिब्लिकल सेमिनरी सुरू झाली आणि देशाच्या निरनिराळ्या भागांतले विद्यार्थी इथे शिकायला येऊ लागले. ती संस्था १९८३ साली पुण्याला गेली. आजही पुष्कळांना माहीत नसतं की ती मूळची आपल्या गावची. पण मिशन परदेशी असलं तरी स्वयंपाकघर वऱ्हाडीच राहिलं. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतल्यावर अभंग-भजनांतून ख्रिस्तभक्ती मराठीत आणली हे आपण अभ्यासात वाचतो. घराघरातल्या बायांनी तेच काम परातीत आणि कढईत केलं. आमच्याकडे नाताळच्या फराळात करंज्या, शंकरपाळे, चकल्या आणि लाडू असतात, आणि ते शेजारीपाजारी वाटले जातात. केक असतो, पण त्याच ताटात, करंजीच्या बाजूला.

एका नाताळची फजिती

मी दहावीत होतो तेव्हाची गोष्ट. टीव्हीवर बघून मला आणि माझ्या आतेबहिणीला हौस आली की यंदा "खरा" नाताळ करायचा. अख्खी कोंबडी भाजायची, पांढरा सॉस, उकडलेल्या भाज्या, अंड्याचा मोठा केक. ओव्हन एका ओळखीच्यांकडून आणला. आईने बिचारीने सगळं केलं.

निकाल काय लागला? ओव्हनमध्ये एका वेळी एकच कोंबडी बसे आणि तिला दीड तास लागे. जेवणारी माणसं २६. आजोबांना कवळीमुळे ते भाजलेलं मांस चावता येईना. घाटंजीकडून कापसाची वेचणी आटोपून आलेले काका-काकू दोन वाजता उपाशी बसलेले. शेजारच्या काकू पक्क्या शाकाहारी. त्यांच्यासाठी भाजी होती, पण घाईत कुणीतरी एकच पळी दोन्ही गंजांत घातली आणि ते त्यांनी पाहिलं. त्या काही बोलल्या नाहीत. "आत्ताच जेवून आले हो," म्हणाल्या आणि एक संत्रं घेऊन गेल्या.

पण सगळ्यात मोठी चूक मला त्या दिवशी दिसलीच नाही. ती दिसली पुढच्या वर्षी.

पुढच्या डिसेंबरात मी पुन्हा कागद-पेन घेऊन बसलो आणि पदार्थांची यादी करू लागलो. आजी गहू निवडत होती. ती म्हणाली, "तुहे पदार्थ ठेव बाजूले. पयले जेवाले कोन कोन येऊन राह्यलं ते लिही." मी नावं लिहिली. २५ भरली. आजीने विचारलं, "आन रांधनारी?" मी आईला मोजलंच नव्हतं! मग आजी म्हणाली, "तुही माय किती सालाची उपासना अर्धी सोडून घरी येते, ठाव हाये का तुले?"

खरंच होतं. २५ तारखेला सकाळी ९ ची उपासना असते, सव्वाअकरापर्यंत चालते. आई दरवर्षी संदेश सुरू व्हायच्या आधीच हळूच उठून घरी यायची. वर्षभर ज्या दिवसाची वाट बघायची त्याच दिवशी. आणि पंगतीतही ती सगळ्यात शेवटी, थंड झालेलं खायची. आम्हाला वाटायचं हे असंच असतं.

पहिली पायरी : लोड

पुढे इंजिनिअरिंगला आल्यावर मला आजीचं म्हणणं पुस्तकात सापडलं. सिव्हिलवाले मित्र सांगतील, बीम किती जाडीचा हवा हे आधी ठरवत नाहीत. आधी त्यावर लोड किती येणार ते काढतात. मेनूचंही तसंच. पदार्थ हा बीम आहे आणि माणसं हे लोड. आमची यादी अशी :

मांसाहारी मोठी माणसं १२ (आई धरून!), शाकाहारी ८, मुलं ५ आणि आजोबा १. एकूण २६.

आता प्रत्येकाच्या अटी. शाकाहारींना अंडंही नको आणि भांडी वेगळी हवीत. बाबांचे एक मित्र मुसलमान आहेत, तेव्हा मांस हलाल दुकानातलं. आजोबांना साखरेचा त्रास आणि कवळी. मुलांना तिखट नको. अजून एक गोष्ट लक्षात ठेवायची, तिथी. नाताळ बहुधा मार्गशीर्ष-पौषात येतो. २००८ साली २५ डिसेंबर हा मार्गशीर्षातला गुरुवार होता. अशा वर्षी एरवी मांसाहार करणारी शेजारची मंडळीही त्या दिवशी खात नाहीत. कॅलेंडर बघितलं नाही तर अर्धा रस्सा उरतो.

दुसरी पायरी : पाया सगळ्यांचा, जोडणी ज्याची त्याची

या अटी एकत्र ठेवल्या की एक गोष्ट आपोआप दिसते. जर मुख्य पदार्थ मांसाचा ठेवला, तर ८ माणसांसाठी वेगळा स्वयंपाक करावा लागतो आणि ती माणसं पाहुण्यासारखी कोपऱ्यात जेवतात. उलट ताटाचा पाया शाकाहारी ठेवला तर सगळे तेच जेवतात आणि ज्याला हवा त्याला रस्सा वरून. प्रोग्रॅमिंगवाले याला मॉड्युलर डिझाईन म्हणतील.

मग पाया कोणता? आपल्याकडे डिसेंबरात तुरीच्या ओल्या शेंगा येतात. त्यांचे सोले घालून केलेला सोलेभात हा विदर्भातला थंडीचा राजा पदार्थ. आणि आलू-वांग्याची भाजी तर आपल्याकडे लग्नापासून भंडाऱ्यापर्यंत प्रत्येक पंगतीत असते. ती न खाणारा माणूस सापडायचा नाही. वर भरपूर सांबार घातला की झालं. (पुण्या-मुंबईच्या मित्रांसाठी : सांबार म्हणजे कोथिंबीर. इडलीबरोबरचं नव्हे!)

जोडणीसाठी मटण की कोंबडी? मटणाचा भाव ब्रॉयलर कोंबडीच्या कितीतरी पट असतो, हा एक भाग. दुसरा भाग वेळेचा. मटणात जोडऊती, म्हणजे कोलॅजन, जास्त असतं. ते विरघळून मऊ व्हायला बराच वेळ मंद उष्णता लागते. गावरान कोंबडीलाही तसाच वेळ लागतो. ब्रॉयलर ३०-३५ मिनिटांत शिजते आणि आजोबांना चावतेही. चव म्हणाल तर गावरानच भारी, मान्य. पण इथे वेळेची अट मोठी होती. खोबरं, खसखस, धने, दगडफूल भाजून केलेलं काळं वाटण घातलं की रस्स्याला कुणी नाव ठेवत नाही.

गोडात करंजी आणि केक. केकसाठी आम्ही अंड्याऐवजी दही आणि खाण्याचा सोडा वापरतो. दह्यातलं आम्ल आणि सोडा यांच्या क्रियेतून कार्बन डायऑक्साईड निघतो आणि केक फुगतो. सुक्या मेव्यासोबत नागपुरी संत्र्याची साल पाकात शिजवून घालतो. या दिवसांत संत्री भरपूर असतात, आणि बाजारातली टूटीफ्रूटी म्हणजे शेवटी कच्ची पपईच! मेवा रममध्ये महिनोन् महिने भिजवतात कारण अल्कोहोलमुळे तो खराब होत नाही. आम्ही संत्र्याच्या रसात भिजवतो. मात्र तो फ्रीजमध्येच आणि एकच रात्र, जास्त ठेवला तर आंबतो. ओव्हन लागत नाही. जाड बुडाच्या गंजात मिठाचा थर, त्यावर रिंग, त्यावर केकचा डबा, वर झाकण आणि मंद आच. आजोबांसाठी केकचा छोटा तुकडा आणि मग संत्रं.

तिसरी पायरी : किती?

इथे पुष्कळ लोक चुकतात. चौघांचं प्रमाण घ्यायचं आणि सरळ साडेसहाने गुणायचं! आमचा हिशेब असा : तांदूळ माणशी ७५ ग्रॅम, म्हणजे जवळपास २ किलो. भाजी माणशी १५० ग्रॅम, म्हणजे ४ किलो. कोंबडी मोठ्या माणसाला १५० ग्रॅम, मुलांना निम्मी, आजोबांना थोडी. मिळून अडीच किलो आणली की पुरते. पोळ्या मोठ्यांना तीन, मुलांना दोन. साधारण ७५ पोळ्या, त्याला अडीच किलो कणीक.

पण पाणी त्याच प्रमाणात वाढवायचं नाही. भांड्याची लांबी-रुंदी-उंची दुप्पट केली तर आतला माल ८ पट होतो, पण वाफ जाणारं तोंड ४ पटच मोठं होतं. म्हणजे मोठ्या गंजात तांदळाच्या मानाने वाफ कमी उडते. घरी वाटीला दोन वाट्या पाणी घालत असाल तर मोठ्या भातात थोडं हात राखून घाला, नाहीतर खिचडी होईल. तिखट-मिठाचंही तसंच, आधी कमी, मग चव बघून.

याचीच दुसरी बाजू धोक्याची आहे. मोठा गंज लवकर तापत नाही तसा लवकर थंडही होत नाही. उरलेला भात गंजातच झाकून ठेवला तर तो तासन् तास कोमट राहतो. तांदळात असणाऱ्या बॅसिलस सेरियस या जिवाणूचे बीजाणू उकळूनही मरत नाहीत. कोमट भातात ते वाढतात आणि विष तयार करतात, जे पुन्हा गरम करून जात नाही. म्हणून उरलेला भात परातीत पसरून लवकर थंड करा आणि फ्रीजमध्ये ठेवा. ५ ते ६० अंश सेल्सिअस हा पट्टा धोक्याचा, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. कोंबडी आतपर्यंत ७४ अंशाला पोचायला हवी. थर्मामीटर नसेल तर हाडाजवळ लाल दिसता कामा नये आणि रस्सा खळखळून उकळलेला हवा.

चौथी पायरी : वेळ

आता मुख्य प्रश्न. आईने उपासनेला पूर्ण बसायचं आणि जेवणही वेळेवर व्हायचं. हे जमतं का?

१९५७ च्या सुमारास अमेरिकेत ड्यूपॉन्ट आणि रेमिंग्टन रँड या कंपन्यांनी क्रिटिकल पाथ पद्धत काढली. १९५८ मध्ये अमेरिकन नौदलाने पोलॅरिस क्षेपणास्त्राच्या कामासाठी पर्ट वापरलं. आपण ते परीक्षेपुरतं पाठ करतो. मी ते घरच्या शेगडीला लावून बघितलं.

आधी शेगडीचं गणित. मोठ्या बर्नरमधून भांड्यात प्रत्यक्ष जाणारी उष्णता सव्वा किलोवॅटच्या आसपास धरू. २ किलो तांदळाला लागणारं ४ लिटर पाणी २० अंशांवरून १०० अंशांवर न्यायला १३४० किलोज्यूल लागतात. म्हणजे १८ मिनिटं नुसतं पाणी उकळायला. पुढे शिजणं आणि मुरणं धरून सोलेभाताला एकूण ५० मिनिटं. रस्सा ५५. भाजी ४५. आणि पोळ्या? तव्यावर एकीला एक मिनिट, म्हणजे ७५ मिनिटं!

बेरीज २२५ मिनिटं. बर्नर दोन. दोघांवर सारखं वाटलं तरी पावणेदोन तासांच्या वर. साडेअकराला घरी येऊन सुरुवात केली तर दीड वाजतो, आणि तोही कुठे काही अडलं नाही तर. म्हणून आई लवकर उठून यायची.

पण आकड्यांकडे नीट बघा. इतकी वर्षं आम्हाला वाटायचं की कोंबडीमुळे वेळ लागतो. सगळ्यात जास्त वेळ शेगडी अडवून बसते ती पोळी! आणि सगळ्या पदार्थांत आधी करून ठेवता येण्यासारखीही पोळीच. भात, भाजी, रस्सा तीन तास कोमट ठेवणं बरं नव्हे. पोळी मात्र कोरडी असते, कापडात गुंडाळून डब्यात ठेवली की मऊ राहते. मग काय, पोळ्या सकाळी साडेसहा ते आठमध्ये उरकल्या. आता उरले १५० मिनिटांचे काम, दोन बर्नरवर ७५ मिनिटं. साडेअकराला सुरुवात, पाऊणला मांडामांड, एकला पंगत. एक छोटी तिसरी शेगडी मिळाली तर अजून लवकर.

बाकीची कामं मागे ढकलली. करंज्या-शंकरपाळे २० तारखेच्या आसपास, सगळ्यांनी मिळून. केक २३ ला. वाटण २४ ला संध्याकाळी, कॅरोलवाली मंडळी घरी यायच्या आत. कोंबडीला हळद-मीठ-आलं-लसूण लावून रात्रभर फ्रीजमध्ये, सगळ्यात खालच्या कप्प्यात, म्हणजे कच्चं पाणी दुसऱ्या कशावर गळायला नको. आणि भाजी-भाताच्या गंजांना वेगळ्या पळ्या, त्यांना लाल दोरा बांधलेला. स्वयंपाकही आधी शाकाहारी चढवायचा, मग रस्सा.

एक प्रश्न राहतोच. सकाळी साडेसहाला ७५ पोळ्या करायच्या कुणी? जर त्याही आईनेच केल्या तर गणिताचा उपयोग काय? तेव्हा त्या बाबांनी आणि मी केल्या. पहिल्या दहा-बारा पोळ्यांत सगळे खंड येऊन गेले, पुढे जरा गोल झाल्या. आजी पाटावर बसून सुपरवायझर. तिने पाच रिजेक्ट केल्या!

निकाल

त्या वर्षी आई शेवटच्या गीतापर्यंत उपासनेत बसली. पाळकसाहेबांच्या आशीर्वादानंतर बाहेर येऊन बायकांशी हात मिळवत, गप्पा मारत उभी राहिली. मी घाई करायला गेलो तर बाबांनी मला मागे ओढलं. पंगत एकला नाही, सव्वाला बसली. एवढा टॉलरन्स चालतो.

शेजारच्या काकूंनी बसायच्या आधी एकदा गंजांकडे पाहिलं. लाल दोरा बांधलेल्या पळ्या पाहिल्या. मग बसल्या. सोलेभात दोनदा घेतला आणि केक कसा केला ते आईला विचारलं. आजोबांनी रस्स्यात पोळी कुस्करून खाल्ली. आणि आई? आई पहिल्या पंगतीत बसली, आजीच्या बाजूला. वाढायला आम्ही पोरं होतो.

तेव्हापासून आमचा मेनू जवळपास हाच आहे. यात टर्की नाही आणि फोटो काढण्यासारखं फारसं काही नाही. पण मित्रांनो, दिवाळी असो, ईद असो, नाताळ असो की होस्टेलवरची फेअरवेल पार्टी, काय करायचं हे ठरवायच्या आधी एक कागद घ्या आणि त्यावर माणसांची नावं लिहा. यादी पूर्ण झाली असं वाटलं की एकदा पुन्हा तपासा. त्यात रांधणारी आहे का?

आणि हो, या २५ डिसेंबरला कुणाला यायचं असेल तर स्वागत आहे. फक्त दोन दिवस आधी सांगा. लोड बदलतो ना!

(तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी)